न लावलेला पांढरा रंग

मानपाड्यात बर्फ पडत नाही. पौषातल्या पहाटे घोडबंदर रस्त्यावरील इमारतींच्या गच्चीतून येऊरचे डोंगर धुरकट निळे दिसतात, अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि ऊन वर आले की तीही नकोशी होते. ठाण्याचा हिवाळा एवढाच. महाराष्ट्रात हिमाच्या जवळ जाणारे दृश्य पाहावयाचे तर महाबळेश्वर गाठावे लागते. तेथे वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात आणि गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर एक पातळ पांढरा थर चढतो. सूर्योदयानंतर थोड्याच वेळात तोही नाहीसा होतो.

तथापि मानपाड्यातील एका घरात एका पौषात तीन दिवस बर्फाचाच विषय चालला होता. घर कापडाच्या व्यापाऱ्याचे. आजोबांनी चाळीस वर्षे मलमल, केंब्रिक आणि धोतरजोड्या विकल्या व पुढे दुकान मुलाकडे सोपविले. त्यांच्या दहा वर्षांच्या नातीला पाठशाळेत चित्र सांगितले होते : अष्टापद पर्वत. निमित्त मेरुत्रयोदशीचे होते.

पौष वद्य त्रयोदशी हा श्वेतांबर परंपरेत भगवान ऋषभदेवांच्या निर्वाणकल्याणकाचा दिवस. दिगंबर परंपरेत तो दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, साजरा होतो. त्या निर्वाणाचे स्थान म्हणजे अष्टापद. अनेक जण कैलास किंवा त्याच्या परिसरातील पर्वत हेच अष्टापद असे मानतात. कैलासाची उंची 6,638 मीटर आहे. तेथील यात्रा 2020 पासून पाच वर्षे बंद राहिली आणि 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. बहुतेक कुटुंबांना मात्र अष्टापदाचे दर्शन घडते ते मंदिरातील पटावरच. त्यामुळे मुलांनी तो पर्वत आपल्या हाताने काढून पाहावा, ही पाठशाळेची कल्पना चांगली होती.

मुलीने पहिल्या दिवशी जे केले, ते बहुतेक सर्व नवशिके करतात. तिने दोन त्रिकोण काढले, मध्ये अर्धा सूर्य ठेवला, काळ्या रंगाने कडा गिरवल्या आणि पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडून पर्वतावर लावली. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग दिसेना. म्हणून तिने आणखी लावला. काळी कड ओली होती, ती त्यात मिसळली आणि पर्वत राखाडी झाला. दुसऱ्या कागदावरही तेच घडले. तिच्या मोठ्या भावाने चित्र पाहून, "हा तर सिमेंटचा ढीग आहे," असे मत दिले आणि मुलगी रडवेली झाली.

पांढऱ्याची ओळख

आजोबांना चित्रकला येत नव्हती. परंतु पांढरे कापड कसे दाखवावे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी कपाटातून मलमलचा एक तुकडा काढला आणि पलंगावरील पांढऱ्या चादरीवर टाकला.

"कसा दिसतो?"

"मळका," मुलगी म्हणाली.

मग त्यांनी तोच तुकडा तिच्या शाळेच्या गडद निळ्या स्वेटरवर पसरला. मलमल एकदम उजळली.

"दुकानात आम्ही पांढरा माल कधी पांढऱ्या गादीवर दाखवत नव्हतो," आजोबा म्हणाले. "खाली गडद कापड अंथरायचं, मग थान उलगडायचं. पांढऱ्याचा पांढरेपणा शेजाऱ्यावर अवलंबून असतो, बेटा."

हिमदृश्य काढण्याची पहिली किल्ली हीच आहे. चित्रातील बर्फ पांढरा दिसतो, तो त्यावर पांढरा रंग लावल्याने नव्हे, तर त्याच्या भोवतालचे आकाश, खडक आणि झाडे बर्फाहून गडद ठेवल्याने. जलरंगात तर पांढरा रंग म्हणजे कागद स्वतःच. जेथे बर्फ हवा तेथे कागद कोरा राखावयाचा. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर कोरा कागद हे भांडवल आहे. ते एकदा खर्ची पडले की पूर्वीसारखे परत येत नाही. म्हणून ते कोठे राखून ठेवावयाचे, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरविणे भाग असते.

दुसरी किल्ली स्वयंपाकघरात सापडते. खडीसाखरेचा खडा प्रकाशापुढे धरला तर त्यातून उजेड आरपार येतो. तोच खडा कुटून पिठी केली तर ती शुभ्र दिसते. साखर बदललेली नाही. परंतु असंख्य बारीक कणांच्या पृष्ठभागांवर प्रकाश पुन्हा पुन्हा परतून सर्व दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना पांढरेपणा जाणवतो. बर्फाचेही तसेच आहे. त्याचा एकेक स्फटिक पारदर्शक असतो, ढीग मात्र पांढरा. ताजा पडलेला बर्फ आपल्यावर आलेल्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे 80 ते 90 टक्के प्रकाश परत करतो. याचाच अर्थ असा की, बर्फ हा भोवतालच्या प्रकाशाचा आरसा आहे. पहाटे तो सोनेरी, संध्याकाळी गुलाबी, ढगाळ दिवशी करडा आणि स्वच्छ दिवसाच्या सावलीत निळा दिसतो. जंबूद्वीपाच्या वर्णनात हिमवान पर्वत सुवर्णमय सांगितला आहे आणि रुक्मी पर्वत रौप्यमय. चित्रकाराने तो विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्याच्या नावातच हिम आहे, तो पर्वतही केवळ पांढरा सांगितलेला नाही.

सावली निळी का, याचे उत्तर सोपे आहे. जेथे थेट ऊन पोहोचत नाही, तेथे निळ्या आकाशाचा प्रकाश मात्र पोहोचतो आणि बर्फ तोच परत करतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी सकाळी खिडकीच्या उन्हात पांढरा रुमाल चुरगळून ठेवावा व घड्यांतील सावल्या निरखाव्यात. टेंभी नाक्याच्या कोकण शत्रुंजय तीर्थाला किंवा आपल्या जवळच्या संगमरवरी देरासरला सकाळी जाणाऱ्यांनी पायऱ्यांची सावलीतील बाजू एकदा सावकाश पाहावी. ती राखाडी आहे असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती बरीच निळसर असते.

आपल्या आज्यांना हे रहस्य पूर्वीपासून माहीत आहे. पिवळट पडलेले पांढरे कपडे त्या निळीच्या पाण्यातून काढीत. निळा अंश मिसळला की पांढरे अधिक पांढरे भासते. विशेष म्हणजे निळीची ती पारंपरिक भुकटी आणि चित्रकाराचा अल्ट्रामरीन ब्लू हे मूलतः एकच रंगद्रव्य होय. पूर्वी ते अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्दी दगडापासून काढीत आणि ते फार महाग पडे. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये ते कारखान्यात बनविण्याची रीत सापडली आणि राजांच्या चित्रांतील निळा रंग धोब्याच्या टोपलीपर्यंत आला.

युरोपातील समीक्षकांना मात्र निळी सावली पचविणे जड गेले. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने 1868-69 च्या हिवाळ्यात बर्फाने झाकलेले एक कुंपण आणि त्यावर बसलेला एक मॅग्पाय पक्षी रंगविला. कुंपणाची बर्फावर पडलेली सावली त्याने निळसर दाखविली. 1869 साली पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र नाकारले. आज ते तेथील ओर्से संग्रहालयाचे भूषण आहे. त्याच्याही आधी, 1833-34 च्या सुमारास, जपानी चित्रकार हिरोशिगे याने तोकाइदो मार्गावरील 53 मुक्कामांच्या मालिकेत कांबारा या गावातील बर्फाची रात्र छापली. त्या ठशात बर्फ म्हणजे मुख्यतः न छापलेला कागदच आहे. गंमत अशी की, कांबारा हे समुद्रकाठचे उबदार गाव आहे. तेथे बर्फ क्वचितच पडतो. जगप्रसिद्ध हिमदृश्य जर अशा गावाचे असू शकते, तर मानपाड्यातील मुलीनेही संकोच करण्याचे कारण नाही.

आधी पेन्सिल, मग रंग

नवशिक्याने पहिले हिमदृश्य पेन्सिलीनेच काढावे. साधा चित्रकलेचा कागद, एक एचबी व एक 4बी पेन्सिल एवढे साहित्य पुरते. कागदाच्या खालून एक तृतीयांश उंचीवर फिकट आडवी रेघ मारावी. ती पर्वताच्या पायथ्याची. शिखर बरोबर मध्यभागी ठेवू नये, थोडे एका बाजूस घ्यावे. प्रकाश कोठून येतो हे ठरवून समासात एक छोटा बाण काढावा. डावीकडून प्रकाश असेल तर प्रत्येक उंचवट्याची उजवी बाजू सावलीत जाईल. हा नियम चित्र संपेपर्यंत मोडावयाचा नाही.

त्यानंतर एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : बर्फ कोठे टिकतो? तो सपाट आणि मंद उतारावर साचतो, उभ्या कड्यावरून घसरून पडतो. म्हणून चित्रात उभा कडा गडद व मंद उतार कोरा. कैलासाची छायाचित्रे पाहिली तर हे स्पष्ट होते. खडकांचे आडवे थर आणि त्यांच्यामध्ये साचलेले बर्फाचे पट्टे यांमुळे दुरून पाहणाऱ्यास पायऱ्या असल्याचा भास होतो. अष्टापद या नावातील आठ पदे म्हणजे आठ पायऱ्या असा अर्थ पाठशाळेत सांगितला जातो, आणि चित्र काढणाऱ्याला तेथे आकृतीचा आयता आधार मिळतो. पेन्सिलीने फक्त खडकांचे पट्टे भरावेत. रेघा उताराच्या दिशेने तुटक ओढाव्यात. बर्फ काढू नये. खडक पुरे झाले की बर्फ आपोआप दिसू लागतो. मुलांना या क्षणी फार आश्चर्य वाटते, कारण जे त्यांनी काढलेच नाही तेच चित्रात सर्वांत ठळक झालेले असते.

हे जमले की जलरंगांकडे वळावे. रंग चारच पुरेत : अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन आणि येलो ऑकर. काळा आणि पांढरा सध्या पेटीतच राहू द्यावा. कागद 300 जीएसएम जाडीचा असावा, म्हणजे पाण्याने फार सुरकुतत नाही. एक रुंद चपटा कुंचला, एक 8 क्रमांकाचा आणि एक 4 क्रमांकाचा गोल कुंचला घ्यावा. पाण्याची दोन भांडी ठेवावीत, एक कुंचला धुण्यास व एक स्वच्छ पाण्याचे.

प्रथम फिकट पेन्सिलीने आकृती काढावी. पहाटेचे दृश्य हवे असल्यास शिखराच्या उन्हाकडील टोकावर येलो ऑकरचा अतिशय पातळ हात द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. मग आकाश. आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करावा. मात्र पाणी पर्वताच्या कडेपाशी थांबवावे. ओल्या कागदावर अल्ट्रामरीन आणि नखभर बर्न्ट सिएना यांचे मिश्रण सोडावे, वरच्या बाजूस गडद, खाली येता येता फिकट. येथे भीड बाळगू नये. नवशिके आकाश इतके फिकट ठेवतात की बर्फाला उठाव मिळत नाही. आकाश गडद झाल्याबरोबर कोरा पर्वत उजळतो. गडद स्वेटरवरील मलमल ती हीच.

आकाश वाळल्यावर सावल्या द्याव्यात. भरपूर पाण्यात अल्ट्रामरीन व थेंबभर क्रिमसन मिसळून फिकट जांभळट निळा रंग करावा आणि पर्वताची सावलीतील बाजू एकाच हातात रंगवावी. जेथे उतार गोलाकार वळतो तेथे सावलीची कड स्वच्छ ओलसर कुंचल्याने हळुवार पुसून विरघळवावी. जेथे एखाद्या कड्याची सावली बर्फावर पडलेली आहे तेथे कड स्पष्ट राहू द्यावी. एकदा लावलेला रंग पुन्हा पुन्हा घासू नये. सावली मळकट होण्याचे हेच मुख्य कारण असते.

यानंतर खडक. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी पाण्यात समप्रमाणात मिसळले की जवळजवळ काळा, परंतु जिवंत गडद रंग तयार होतो. निळा वाढविला तर थंड, सिएना वाढविला तर उबदार. कुंचला फडक्यावर किंचित टिपून जवळजवळ कोरडा करावा आणि आडव्या थरांवरून हलका ओढावा; तुटक रेघा आपोआप उमटतात. दूरचे डोंगर मात्र फिकट व निळे ठेवावेत. त्यासाठी हिमालयात जाण्याची आवश्यकता नाही. सकाळच्या धुक्यातील येऊर पाहावा. जवळची टेकडी हिरवी-तपकिरी दिसते, तिच्यामागची निळसर आणि त्याही पलीकडची जवळजवळ आकाशाच्या रंगाची. निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराने 1928 पासून 1947 साली मृत्यू येईपर्यंत कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहून हिमालय रंगविला. त्याच्या चित्रांतही एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या पर्वतरांगा दिसतात.

शेवटी पुढील भाग. येथे मोह आवरावा. बर्फाच्या उंचवट्यांसाठी दोन-तीन निळसर पट्टे, चार दगड, हवे तर पावलांच्या ठशांची एक ओळ एवढे पुरते. पावलाचा ठसा म्हणजे छोटी सावलीच असते. जेथे काय करावे हे सुचत नाही, तेथे काहीच न करणे बहुधा योग्य ठरते. चुकून कोऱ्या भागावर रंग गेला तर तो वाळण्यापूर्वी स्वच्छ ओलसर कुंचल्याने उचलावा. अगदीच गरज पडली तर अखेरीस अपारदर्शक पांढऱ्याचे चार ठिपके द्यावेत. पण ती उसनवारी आहे, आणि चार ठिपक्यांवर थांबणारा विरळा. काम संपताच रंगाचे पाणी ओतून भांडी कोरडी करावीत. रात्रभर उघडे पाणी राहू नये, ही जयणा मुलांना चित्रकलेबरोबरच लावता येते.

कुंचला कोणाचा?

दुसऱ्या दिवशी मुलीने पेन्सिलीचे चित्र पुरे केले आणि रंगांसाठी एक सुंदर डबी उघडली. परदेशी राहणाऱ्या मामाने वाढदिवसाला पाठविलेले तीन कुंचले त्यात होते. लाकडी दांडा, टोक सुईसारखे. बा शेजारी बसून वाती वळीत होत्या. त्यांनी एक कुंचला हातात घेऊन अंगठ्यावर फिरविला.

"किती मऊ आहे! हे केस कुणाचे गं?"

मुलीला ठाऊक नव्हते. दांड्यावर इंग्रजीत सेबल असे लिहिले होते. भावाने माहिती शोधून वाचून दाखविली. सर्वोत्तम समजले जाणारे हे केस सायबेरियाच्या भागातील विझल जातीच्या, दिसण्यात मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे असतात. तो प्राणी मारूनच ते मिळतात. खोलीत कोणी काही बोलले नाही.

"बा, पण यानेच चित्र चांगलं येतं ना?" मुलीने अखेर विचारले.

"ते मला नाही माहीत, बेटा," बा म्हणाल्या. "पण भगवंतांचं निर्वाण काढतेस ना तू? तूच ठरव."

हा प्रश्न केवळ त्या घराचा नाही. आपली मुले शाळेसाठी, रेखाकला परीक्षांसाठी, छंदवर्गांसाठी सर्रास रंगसाहित्य विकत घेतात. खाण्याच्या पुड्यावरील घटक वाचणारी कुटुंबे कुंचल्याच्या दांड्यावरील अक्षरे मात्र वाचत नाहीत. कुंचल्यांसाठी खारीच्या शेपटीचे केस, डुकराचे राठ केस आणि भारतात दीर्घकाळ मुंगसाचे केस वापरले गेले. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे व त्याच्या केसांचा व्यापार बेकायदेशीर आहे. तरीही असे कुंचले जप्त झाल्याच्या बातम्या येत असतात. पर्याय सोपा आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे कुंचले आता उत्तम मिळतात व ते स्वस्तही असतात. शंका असल्यास जुन्या कुंचल्याचा एक तंतू मोठ्या माणसाने ज्योतीजवळ धरून पाहावा. केस असेल तर केस जळाल्याचा वास येतो, नायलॉन असेल तर वितळून गोळी होते.

रंगांबाबतही थोडे जाणून घ्यावे. जलरंगात बांधणीसाठी वापरला जाणारा गोंद बाभळीच्या कुळातील झाडाचा असतो, तेथे अडचण नाही. काही परदेशी जलरंगांत मात्र मध घालतात, काहींत बैलाचे पित्त. आयव्हरी ब्लॅक या नावाचा काळा रंग पूर्वी हस्तिदंत जाळून करीत. आज तो प्राण्यांची हाडे जाळून केला जातो. कार्माइन हा लाल रंग निवडुंगावरील किड्यांपासून निघतो. सेपिया हा तपकिरी रंग मूळचा माकूळ या समुद्रप्राण्याच्या शाईचा. जलरंगाच्या काही उंची कागदांना जिलेटिनचा हात दिलेला असतो आणि जिलेटिन कातडी व हाडांपासून बनते. दुकानदाराला किंवा उत्पादकाला विचारून वनस्पतिजन्य अथवा कृत्रिम लेप असलेला कागद मागता येतो. वर सांगितलेल्या चार रंगांची द्रव्ये मात्र निर्धास्त आहेत. अल्ट्रामरीन कारखान्यात बनतो, सिएना व ऑकर हे मातीचे रंग आणि अलिझरिन हे 1868 पासून दगडी कोळशाच्या डांबरापासून बनविता येऊ लागले. त्यांत मध किंवा पित्त मिसळलेले नाही, एवढे उत्पादकाकडून विचारून घ्यावे. हिमदृश्याला काळा रंग लागतच नाही, ही येथे मोठीच सोय आहे. ज्या काळ्याने मुलीचा पर्वत सिमेंटचा ढीग झाला, तो कलेच्या दृष्टीनेही नकोसा आणि अहिंसेच्या दृष्टीनेही.

बर्फ हा आपल्याकडे अभक्ष्य मानला जातो, कारण त्यात अप्कायाच्या असंख्य जीवांची विराधना आहे. कागदावरील बर्फ तेवढा निर्दोष. परंतु तोही निर्दोष राहावा, याची काळजी कागदाबाहेर घ्यावी लागते.

रात्री मुलीने मामाला स्वतः फोन केला. "मामा, ब्रश खूप छान आहेत. पण मी ते नाही वापरणार. रागावू नकोस." मामा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मी दांड्यावरचं वाचलंच नव्हतं गं." कुंचले कोणाला देऊन टाकावेत का, हा प्रश्न निघाला. जे आपण वापरणार नाही ते दुसऱ्याने वापरावे, असे कसे म्हणावयाचे? डबी कपाटात ठेवली गेली. काही प्रश्नांचे उत्तर एवढेच असते.

जांभळाच्या झाडाखाली

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीने नायलॉनच्या कुंचल्याने काम सुरू केले. टोक सेबलसारखे नव्हते. पाणी कमी धरीत होते, म्हणून आकाश घाईने रंगवावे लागले. शिखराच्या कडेपाशी तिचा हात थांबला. आत पांढरा भरण्याची सवय अजून बोटांत होती. आजोबांनी काही सांगितले नाही. तिने कुंचला बाजूला ठेवला, आकाश वाळू दिले आणि मग सावली दिली. खडकांचे आठ पट्टे ओढल्यावर ती मागे सरकून पाहू लागली. पर्वत उभा राहिला होता. त्यातील बराचसा भाग तिने हातही न लावलेला होता. एका ठिकाणी आकाशाचा निळा कडेच्या आत घुसला होता, तो तसाच राहिला. भावाने चित्र बराच वेळ पाहिले आणि या वेळी काहीच म्हटले नाही.

पाठशाळेच्या भिंतीवर जांभळाच्या झाडाचे एक चित्र असते. सहा भुकेले वाटसरू झाडाखाली येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठ्या फांद्या तोडू, तिसरा लहान फांद्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे आपल्याला पुरेशी आहेत. कृष्ण, नील, कापोत, तेजो, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्या मुलांना अशा शिकविल्या जातात. भूक सहाही जणांना आहे. सर्वांत कमी हात लावणारा तो शुक्ल.

चित्र काढल्याने कोणाची लेश्या बदलत नाही, हे खरे. परंतु जे शुभ्र आहे ते लावून मिळत नाही, ते राखावे लागते, हे शब्दांनी सांगणे वेगळे आणि दहा वर्षांच्या बोटांना कळणे वेगळे. मेरुत्रयोदशीच्या दिवशी पाठशाळेत अष्टापदाची अनेक चित्रे लागली. त्यांपैकी एकाखाली मुलीने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते : यात पांढरा रंग वापरलेला नाही.